खारूताईची सही

कॉलेजात चार वर्षं खारूताईची हजेरी तिच्या गोलमटोल मित्राने, भोपळ्याने, लावली; ही नावंही तिथलीच. तिची सही तो तिच्यापेक्षा चांगली करायचा. एकदा तिने स्वतः केलेली सही खोटी ठरवून सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं. पुढे दोघांना नोकरीही एकाच ठिकाणी लागली, लिफ्ट तपासून दाखले देणाऱ्या कचेरीत.

तिथली रीत सोपी होती. नवशिक्याने लिफ्टच्या टपावर चढून तारेचा दोर पाहायचा आणि फॉर्मवर सही करायची. साहेबांनी न बघता शिक्का मारायचा. एका नव्या नऊमजली इमारतीत खारूताईने दोर चाचपला, तर तुटक्या तारा हातमोज्यात रुतल्या. तिने लिहिलं, लिफ्ट बंद ठेवा.

साहेब चिडले नाहीत. अनुभवी माणूस. शनिवारी लोक राहायला येतायत, दोर पुढच्या महिन्यातही बदलता येईल, असं त्यांनी तिला वडिलांच्या मायेने समजावलं. ती बधेना, तेव्हा कोरा फॉर्म भोपळ्यापुढे सरकला. हजेरीचा पराक्रम त्यानेच डबा खाताना फुशारकीने सांगितला होता. मार तिची सही, सोमवारी तुला कायम करतो, साहेब म्हणाले.

भोपळ्या कायम झाल्याचं त्याच्या आईने सगळ्या मावश्यांना आधीच कळवून टाकलं होतं. त्याने पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कर की," खारूताई म्हणाली. "तुझा हात बसलाय."

भोपळ्याने पेन खिशात घातलं. "आधी दोर बघतो."

साहेबांसह तिघं त्या इमारतीवर गेली. भोपळ्या आपला देह कसाबसा टपावर चढवून ग्रीसने माखून उतरला. खारूताईच्याच पाठीवर फॉर्म ठेवून त्याने 'बंद ठेवा' लिहिलं आणि खाली आयुष्यात पहिल्यांदा विचार करून स्वतःची सही केली. ती जरा वाकडी आली.

लिफ्टला काहीही झालेलं नाही, साहेब गरजले. बिल्डर नवव्या मजल्यावर थांबलेत, आत्ता जाऊन सांगतो.

खारूताईने अदबीने लिफ्टचं दार उघडून धरलं. "बसा ना, सर."

साहेबांना अचानक आठवलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ते जिन्याने निघाले. पोरांनी लिफ्टला कुलूप घातलं. चौथ्या मजल्यावरून साहेबांचा आवाज आला, उद्यापासून दोघांनीही तोंड दाखवायचं नाही.

"लेखी द्या, सर," भोपळ्या खालून ओरडला. "तुमच्या सहीने."

साहेब धापा टाकत पाचव्या मजल्याकडे चढू लागले.