पुलावरची बोंब

पाणथळीवरच्या लाकडी पुलावर पाऊल पडलं की कुजबुजायचं, आवाज चढवला की मंडळातून कायमची सुट्टी. पक्षीनिरीक्षक मंडळाचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि कंडक्टरबाईंचा सगळा जन्म गेलेला बसमध्ये "पुढे सरका!" म्हणून ओरडण्यात. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा धाकट्या जावेने त्यांना इथे आणलं. कुजबुजायला शिकताना बाईंच्या नाकी नऊ आले, पण शिकल्या. रविवारची ही जंगलातली वाट आता त्यांचा जीव की प्राण होती.

त्या रविवारी पुलाजवळच कमळपक्षी अंड्यांवर बसला होता. नर बरं का! मादी अंडी घालून मोकळी होते, पुढचं सगळं बापाने निस्तरायचं. बाईंना त्याचं कोण कौतुक!

"असा एक आपल्या नशिबी नव्हता गं," त्या जावेच्या कानात म्हणाल्या आणि दोघी तोंड दाबून हसल्या.

तेवढ्यात अध्यक्षांच्या जावयाने मोबाइलवर दुसऱ्या कमळपक्ष्याचा आवाज लावला. कशासाठी, तर फोटोसाठी! घरात कोणी परका शिरला असं वाटून बाप बिचारा अंडी सोडून धावला. तरंगत्या पानांवर अंडी उघडी पडली, आणि वाळक्या फांदीवरचा कावळा मान तिरकी करून बघू लागला.

"बंद करा हो ते," बाई कुजबुजल्या. जावईबापू ढिम्म. बाईंनी अध्यक्षांची बाही ओढली. अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवलं आणि नियमाची पाटी दाखवली.

कावळा खालच्या फांदीवर आला.

हे मंडळही सुटलं तर रविवारी काय, भिंतींशी बोलायचं? बाईंनी अंड्यांकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं. गेला तो नियम खड्ड्यात!

"ए! बंद कर ते!"

काय तो आवाज! कावळा उडाला, बगळे उडाले, जावयाच्या हातून मोबाइल सुटून डुबकन पाण्यात गेला. सगळं शांत झाल्यावर कमळपक्षी पानांवरून तुरुतुरु आला आणि त्याने अंडी पंखांखाली ओढून घेतली.

"नियम म्हणजे नियम," अध्यक्ष लालबुंद होऊन कुजबुजले. "आजपासून तुम्ही मंडळात नाही."

"नाही ना?" बाईंचे डोळे भरले होते, पण आवाज तोच, बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा. "मग मी कशाला कुजबुजू? ही वाट काही तुमच्या बापाची नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत मी रोज इथे बसणार. कोणी पुन्हा आवाज लावून तर बघा!"

आणि त्यांनी पुलावरच फतकल मारली. मंडळ पुढे निघालं. जाऊ चार पावलं मंडळामागे गेली, घुटमळली आणि परत येऊन बाईंशेजारी बसली.

"अगं, तू जा ना. तू कुठे ओरडलीस?"

जन्मात कधी वरच्या पट्टीत न बोललेली ती जाऊ उठून उभी राहिली. मंडळ अजून वळणावर दिसत होतं. त्या दिशेला तोंड करून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "मीसुद्धा!"