देवकीच्या डोक्याची फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. पडद्यावर नाचगाणी दाखवतात ती नव्हे. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात माणसाच्या डोक्याच्या आतली चित्रं काढतात आणि निळसर प्लास्टिकवर छापून हातात देतात, तसल्या प्लास्टिकचा एक तुकडा मी आहे. माझ्यावर लहान लहान चौकटी आहेत आणि सगळ्या चौकटींत एकाच बाईचा मेंदू आहे. तिचं नाव देवकी. किन्हवलीजवळच्या एका गावात ती राहायची. आता ती नाही. ती गेली आणि तिचं डोकं तेवढं माझ्यावर उरलं.

माझा जन्म कल्याणच्या एका दवाखान्यातला. अंधाऱ्या डब्यात आम्ही कोऱ्या फिल्मा एकीवर एक पडून होतो. एक दिवस यंत्रानं मला आत ओढलं, उजेडानं माझ्यावर चित्रं उमटवली आणि गरम गरम बाहेर टाकलं. बाहेर बाकावर देवकी आणि तिचा नवरा दामू बसले होते. देवकी विसरायला लागली होती. भाजीत दोनदा मीठ पडायचं, म्हशीचं नाव आठवायचं नाही. एकदा तिला सिद्धगडाच्या पायथ्याचं आपलं माहेरच सांगता येईना, तेव्हा दामू घाबरला आणि तिला घेऊन आला.

त्या दवाखान्यात मेंदूच्या वयाचा अभ्यास चालला होता. डॉक्टर रेश्माबाईंनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं आणि दोघांना समजावून सांगितलं. हजारो धडधाकट माणसांच्या मेंदूची चित्रं आणि त्यांची खरी वयं संगणकाला शिकवली आहेत. तिशीत मेंदू कसा दिसतो, साठीत कसा, हे त्यानं बघून ठेवलंय. मेंदूचा वरचा थर कुठं पातळ झाला, आतल्या पोकळ्या किती रुंदावल्या, हे पाहून तो नव्या माणसाच्या मेंदूचं वय ओळखतो.

दामू म्हणाला, "म्हंजे आमी बैलाचे दात बघून वय सांगतो, तसाच ना?"

बाई हसल्या. "अगदी तसंच. आणि बैल खडकाळ रानात चरला तर त्याचे दात लवकर झिजतात, वयापेक्षा म्हातारा दिसतो. हो ना?"

"व्हय."

"देवकीताईंचं वय अठ्ठावन्न. संगणक म्हणतो, मेंदू सत्तरीच्या आसपासचा दिसतो. हा अंदाज आहे, चार-पाच वर्षं इकडंतिकडं होऊ शकतं. ह्यावरून रोगाचं नाव ठरत नाही, आणि पुढं काय होणार तेही ठरत नाही. पण मेंदू वयाच्या पुढं धावतोय एवढं कळतं. ह्यांचं ब्लडप्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार. साखर आहे. एका कानानं कमी ऐकू येतं. हे सगळं मेंदूला झिजवतं. गोळ्या रोज द्या, कान दाखवा. आणि ह्यांना माणसांत ठेवा, चालू द्या, बोलू द्या. कामातून काढू नका."

देवकीनं नवऱ्याकडं बोट दाखवलं. "बाई, आता ह्यांच्या टकलाचा पन फोटू काढा. आत रिकामी कणगी निघंल."

सगळे हसले. दामूही हसला. पण त्याच्या कानात एकच शब्द अडकला होता, सत्तर. घरी जाताना एसटीत त्यानं मला छातीशी धरलं होतं. मला वाटलं, हा माणूस हिला वाचवणार.

मित्रांनो, दामू वाईट नव्हता. तो शेतकरी होता. झिजल्या दातांच्या बैलाला शहाणा शेतकरी नांगराला जुंपत नाही. त्याला गोठ्यात बांधतो, कोवळा चारा घालतो, पाठीवर हात फिरवतो. त्या गावात म्हाताऱ्या माणसालाही तसंच जपतात. सत्तरीच्या बाईनं हंडा उचलला तर लोक तिच्या घरच्यांना नावं ठेवतात. दामूनं देवकीला सत्तरीचा मान दिला. ओटीवर तिच्यासाठी गोधडी घातली आणि तिच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं. गोळ्या तो न चुकता द्यायचा. कान दाखवायचं मात्र राहिलं. ओटीवर बसून कुणाचं काय ऐकायचं आहे, असं त्याला वाटलं.

माझं तेव्हा फार कौतुक झालं. मला देवांच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलं. जो येईल त्याला दामू अंगणात नेऊन मला उन्हात धरायचा. लोक तोंडात बोट घालायचे. "बायकूच्या डोक्याचा फोटू काढला! दामूनं काय बाकी ठेवला नाय." मला त्या कौतुकाची लाज वाटायची. बाईंनी सांगितलेलं कुणीच विचारत नव्हतं.

आवणीचे दिवस आले. भाताची रोपं लावायला बायका निघाल्या, तशी शेजारची हौसा दारात आली. "देवकी, चल गो! तुझ्याबिगर गाना कोन सांगंल?"

देवकी उठली. पदर खोचला. दामू आडवा आला. "ती नाय येनार. सत्तरीची हाय ती."

"मंग मी नव्वदीची!" हौसा म्हणाली. "मला पन बसवा ओटीवर. चा आणून द्या, पाय चेपा."

"मस्करी नको हौसे. तिचा मेंदू झिजलाय."

"हात झिजल्यात का?" देवकी ओरडली. "मी म्हातारी नाय! सोडा मला."

दामूनं तिला हळूच खांद्याला धरून खाली बसवलं. एवढ्या मायेनं बसवलं की तिला भांडताही येईना. दुपारी शेतातून बायकांचं गाणं ऐकू यायला लागलं. तिला ते एका कानानं अर्धंमुर्धं ऐकू आलं असेल. ती मांडीवर बोटं हलवत होती, चिखलात रोप खोचावं तशी, एकापुढं एक, सरळ ओळीत. तिच्या हातांना सगळं आठवत होतं. मी खिळ्यावरून ओरडत होते, दामू, बघ, तिचे हात बघ! पण फिल्मला आवाज नसतो. मला बघावं लागतं, आणि दामू मला बघायचा तेव्हा त्याला सत्तरच दिसायचं. माझ्यावर तर तो आकडा कुठंही छापलेला नाही.

त्यानंतर हौसा यायची कमी झाली. ओटीवरच्या बाईशी कुणी बोलेना. देवकीनंही बोलणं सोडलं. आधी ती म्हशीचं नाव विसरली होती, आता म्हैस कुणाची तेही विसरली. पायांतली ताकद गेली. एक दिवस ओटीची पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडली, छातीत कफ भरला. शेवटच्या दिवशी दामू तिला विचारत होता, "मी कोन गो? सांग ना, मी कोन?" तिनं त्याच्याकडं बघितलं, परक्या माणसाकडं बघावं तसं.

ती कामात राहिली असती तर जगलीच असती, असं मी म्हणणार नाही. ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पण ती गाणारी होती. तिला गाता आलं असतं तोवर गाऊ द्यायला हवं होतं.

ती गेल्यावर दामूनं मला माळ्यावर टाकलं. ओल लागून माझ्या कडांना बुरशी आली. खाली दामू एकटा बसून असायचा. चूल पेटली तर पेटली.

मग एका सकाळी गावातलाच महादू आला. त्याची बायको भिमी विसरायला लागली होती. तिचीही फिल्म काढून आणली होती आणि तिचाही मेंदू वयाच्या पुढं निघाला होता.

"दामूदादा," महादू म्हणाला, "तुमी वहिनीला कसा जपलाव, ते सांगा. गावात अजून लोक म्हंत्यात, बायकूला जपावी तर दामूनं. आमी पन भिमीला ओटीवर बसवलीय कालपासून."

 मग शिडी वाजली. दामूनं मला ओढून काढलं, धोतराच्या सोग्यानं बुरशी पुसली आणि महादूच्या घराकडं तसाच चालत सुटला. महादू मागून "अवो दादा, झाला काय?" म्हणत धावत होता.

भिमी ओटीवर बसली होती. पुढ्यात चहा गार झाला होता. दामूनं मला उन्हात धरलं. 

"हे बघ महादू. ही देवकी. मी हिला जपली नाय रे. मी हिला बसवली. डॉक्टरीन सांगत व्हती, कामातून काढू नका, मानसात ठेवा. मी ऐकला नाय. बसवून बसवून संपवली." मग तो भिमीकडं वळला. त्याला रडू आवरत नव्हतं. "उठा, वहिनी. पाया पडतो तुमच्या, उठा."

भिमीनं नवऱ्याकडं बघितलं, मग दामूकडं. "मी कवाची सांगतेय ह्यांना," ती म्हणाली. "वालाच्या शेतात गवत माजलाय. पन इळा कुठं ठेवलाय ते आठवत नाय."

महादूनं आत जाऊन विळा आणला. तिच्या हातात देताना तो क्षणभर थांबला, पण त्यानं दिला. भिमी चुकीच्या वाटेला लागली. महादू धावला आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागला.

मित्रांनो, माझ्यासारखी फिल्म तुमच्याही घरात येईल. आली तर तिच्यावरून माणसाला म्हातारं ठरवू नका. गोळ्या वेळेवर द्या, कान-डोळे तपासा, आणि मग त्याच्या हातात काम द्या. ते अर्धं चुकेल. चुकू द्या. वाट चुकली तर सोबत चाला, पण घरी बसवू नका. दामूला कुणीतरी हे वेळेवर सांगायला हवं होतं. मी सांगत होते. माझं ऐकू गेलं नाही.