झोप लागली होती

फिरत्या दवाखान्याच्या जीपसाठी ड्रायव्हर पाहिजे असं कळलं, तसा मकबूल शेख हिंगोलीत कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या कोंडीबाकडे गेला. साल चौऱ्याहत्तर. दीड वर्षापासून त्याच्या हाती गाडी नव्हती.

‘पूर्वी अपघात झाला आहे काय?’ या रकान्यात कोंडीबा ‘नाही’ लिहायला लागला.

“होय लिही,” मकबूल म्हणाला.

“येडा झालास काय? पोलिसात नोंद न्हाई, मालकानं मिटवलं. कोणाला कळणार हाय?”

“अल्लाला कळतं ना. खोटं लिहून नोकरी लागली, तर रोजची भाकर हराम, कोंडीबा. तीच लेकरांच्या ताटात जाईल.”

कोंडीबानं कपाळाला हात लावला. पण ‘होय’ लिहिलं.

मुलाखतीला अकरा जण आले होते. मकबूलचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि आत गेला. दवाखान्याचे डॉक्टर अमृतराव त्या एका शब्दावर बोट ठेवून बसले होते.

“काय झालं होतं?”

“कापसाचा ट्रक होता, साहेब. मला झोप लागली. गाडी नाल्यात गेली. वर बसलेल्या हमालाचा, पेमाचा, पाय मोडला.”

“मालकानं जादा फेऱ्या लावल्या असतील.”

मकबूलनं नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“न्हाई साहेब. लग्नात जागलो होतो. चूक माझीच.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पेमाला घेऊन या. परवापर्यंत. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

दवाखान्यात पोचवल्यापासून मकबूल पेमाला एकदाही भेटला नव्हता.

हट्टा गावाजवळच्या तांड्यावर पेमा काठी टेकत झोपडीबाहेर आला.

“नोकरी पाहिजे म्हणून आलास?” त्यानं सगळं ऐकून विचारलं.

“व्हय.” मकबूलनं मान खाली घातली. “आधीच यायला पाहिजे होतं. शरम वाटायची. माफ कर.”

आत पेमाची बायको मिराबाई भांडी आपटत होती.

“येतो,” तो शेवटी म्हणाला. “पण गोड बोलणार न्हाई.”

“झालं तेच सांग.”

पेमानं डॉक्टरांना तेच सांगितलं. हा झोपला. मग मला खांद्यावर टाकून दोन कोस चालला. त्यानंतर दीड वर्षं तोंड दाखवलं न्हाई. मकबूल भिंतीला टेकून ऐकत राहिला. एक शब्द खोडावा असा नव्हता.

“हा चालवतो त्या गाडीत बसशील?” डॉक्टरांनी विचारलं.

पेमानं मकबूलकडं रोखून पाहिलं.

“दिवसा बसीन.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी अर्जावर लिहिलं, ‘तीन महिने कामावर घ्यावे. गाडी फक्त दिवसा.’

स्टँडवर मकबूलनं पेमाचा दंड धरला. पेमानं हात झटकला. एसटीची पायरी मात्र उंच होती; तेव्हा त्यानं धरू दिला.