अक्वेरोने घातलेली इर्जिक

बंडखोरांची नि लष्कराची वीस वर्षांची मारामारी एकदाची थांबली, आणि सगळ्यांच्या आधी अक्वेरो निर्वासितांची छावणी सोडून आपल्या शेतावर येऊन बसली. शेत कसलं, रानच ते! डोक्यावर जाणारं गवत, त्यात बाभळी. माणसं म्हणाल तर ती, सून लामुनू आणि दोन नातवंडं. मुलगा लढाईने नेलेला. पाऊस दोनदा पडून गेला होता आणि तीळ अजून टोपलीतच होते.

लामुनूने सरळ सांगून टाकलं, "आई, हे गवत आपण दोघींनी काढायचं म्हणजे जन्म जाईल. रविवारपर्यंत पेरणी झाली नाही, तर मी पोरांना घेऊन छावणीत जाते. तिथे धान्य तरी मिळतं."

तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पोर छावणीतच वाढली, लग्नही तिथल्या झोपडीतच झालं.

"मी इर्जिक घालते," अक्वेरो म्हणाली. "एक दिवस अख्खा गाव आपल्या शेतात राबेल. आपण फक्त पोटभर दारू पाजायची." आणि घरात होतं नव्हतं ते नाचणीचं पीठ तिने दारूला लावलं. लामुनूने कपाळाला हात लावला.

गाव अजून छावणीतच होता, म्हणून तिथे ओडोकीकडे निरोप दिला, शनिवारी सगळ्यांना धाड, एवढाच. हा छावणीतला यादीवाला, धान्यवाटपाच्या दिवशी नावं पुकारणारा. त्याने आपल्या सवयीने कर्णा घेऊन पुकारलं, "शनिवारी सकाळी सगळ्यांनी अक्वेरोकाकूकडे यायचं!"

शनिवारी साठ माणसं आली. अक्वेरोचा जीव सुपाएवढा झाला. मग तिने नीट पाहिलं. कुदळ एकाच्याही हातात नव्हती. प्रत्येकाकडे रिकामं पोतं आणि रेशनकार्ड, आणि कुणी न सांगता सगळे रांग धरून बसलेले.

"काकू, गाडी किती वाजता यायची?" ओडोकीने विचारलं.

"कसली गाडी रे मेल्या?"

"वाटपाची. नाहीतर बोलावलंत कशाला?"

अक्वेरोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इर्जिक घातली होती मी, इर्जिक! तुमच्या बापांनी या शेतात घाम गाळलाय, आणि तुम्ही पोती घेऊन येता?" तिने कुदळ उचलली आणि एकटीच गवताच्या मुळावर घाव घालत सुटली. मागे माणसं परत जायला उठून पोती झटकू लागली. तिला रडू आलं, पण मान वर केली नाही.

रांगेत पहिला होता शेजारच्या शेताचा ओजारा म्हातारा. तो काठी टेकत आला. "आण ती कुदळ."

"तुमच्याने होतंय का, बाबा?"

"दहा घाव होतील. मग मागचा घेईल. रांग तर लागलीच आहे."

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याने खरंच दहा घाव घातले आणि कुदळ मागच्याच्या हातात कोंबली. दुसरी कुदळ लामुनूने आणून दिली. ज्यांचा नंबर लांब होता ते हातांनीच गवत उपटायला लागले. पोरांच्या तळव्यांना फोड आले, चिडवाचिडवी झाली, ओडोकीचा सदरा काट्यांत फाटला. ऊन डोक्यावर आलं तोवर पेरण्यापुरती जमीन मोकळी झाली होती.

अक्वेरोने दारूचं मडकं पुढे ओढलं आणि पत्र्याचा मग हातात घेऊन वाढायला बसली. एका माणसाला एक मग. काठोकाठ भरला की वरचा फेस बोटाने निपटून मडक्यात टाकायचा, की पुढचा. छावणीत धान्य असंच मिळायचं. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

लामुनूने तिचा हात धरला. "आई, तो मग ठेवा खाली. आपल्या घरी आलेल्या माणसांना मोजून देतात का?"

अक्वेरो बघतच राहिली. या पोरीने इथल्या मातीला घर म्हटलेलं तिने आज पहिल्यांदा ऐकलं. आनंदाने तिने हातातला मग बाजूला ठेवला आणि मडकं सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. लामुनू तिळाची टोपली कमरेवर घेऊन शेतात उतरली.