संत निकोलाचे नाक

मित्रांनो, माझे मुख जन्मतःच उलटे कोरलेले आहे. आरशासमोर धरलेत तर ते सुलटे दिसेल, किंवा मग कणकेवर दाबलेत तर. मी नाशपातीच्या लाकडाचा, तळहातावर मावेल एवढा एक वृद्ध ठसा आहे. बेलग्राद नगरीच्या डोर्चोल वस्तीत, डॅन्यूब नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत, स्वयंपाकघराच्या फडताळात माझा निवास असतो. वर्षातून एकदा, कुळाच्या संताच्या दिवशी, मला बाहेर काढतात. त्या सणाला इथे स्लावा म्हणतात. आमच्या घराचा संत निकोला. त्याचा दिवस ऐन हिवाळ्यात येतो. आदल्या सायंकाळी गोल पावाची कणीक मळली जाते, तिच्या मध्यभागी माझी मुद्रा उमटते, आणि त्या क्षणापासून तो पाव नुसता पाव राहत नाही.

माझा जन्म युद्धातला. त्या वसंतात आकाशातून बॉम्ब पडले, नगरीचे मोठे ग्रंथालय जळाले आणि जळक्या कागदांची राख अंगणा-अंगणांत उतरली. आमच्या अंगणातले नाशपातीचे झाड दुभंगले. घरधनी वितोमिर यांनी त्या खोडाचा एक तुकडा उचलला, वाळू दिला आणि चाकूने मला कोरले. ते काही कसबी सुतार नव्हते. परंतु ज्या वर्षी घरात पीठ मुठीएवढेच उरले होते, त्या वर्षीही माझ्याखालचा पाव भाजला गेला, आणि बायाबापड्या म्हणाल्या, "वितोमिरच्या घरी निकोला पाहुणा आला." मित्रांनो, एवढी स्तुती मला पुन्हा लाभली नाही.

पुढे राजवट पालटली. वितोमिर यांचा पुत्र ल्युबिसाव सरकारी कचेरीत लागला. अशा माणसाने उघड स्लावा करणे तेव्हा शहाणपणाचे नव्हते. त्याची नववधू देसांका खिडक्यांचे पडदे ओढून माझे काम उरकून घेई. अशाच एका सायंकाळी, कणकेवर माझी मुद्रा नुकतीच उमटली असता, दारावर थाप पडली. फटीतून पाहिले तो ल्युबिसावचे वरिष्ठ उभे. देसांकाची पाचावर धारण बसली. तिने मला तसेच कणकेत खुपसले, वरून कणीक सारखी केली आणि सगळे भट्टीत लोटून दिले.

वरिष्ठांनी टोपी काढली. हातात सणाच्या माशाची पुडी होती. "पडदे ओढलेले दिसले, म्हणून आलो," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरचेही आज ओढलेलेच आहेत."

देसांका मटकन खुर्चीत बसली, आणि मग हसू लागली ती थांबेना. मी मात्र आत भाजत होतो. बाहेर निघालो तेव्हा माझी उजवी कड जळून तिथे खळगा पडला होता. तेव्हापासून पावावर त्या जागी एक टेंगूळ उमटते. देसांका त्याला निकोलाचे नाक म्हणते.

वर्षे गेली. पडदे पुन्हा उघडले. एकदा आणखी बॉम्ब पडले, तेव्हा मी तिच्या कोटाच्या खिशात बसून तळघरात होतो. ल्युबिसाव निवर्तला. देसांकाला मुलगा नाही. एक कन्या आहे. ती विवाहानंतर दुसऱ्या गावी गेली आणि रीतीप्रमाणे पतीच्या घरचा संत तिचा झाला. स्लावा पित्याकडून पुत्राकडे जाते; पुत्र नसेल तर ती मालवते. कन्येची कन्या तेओदोरा मात्र शिक्षणासाठी आजीकडे आली आणि तिथेच राहिली. परदेशी पाहुण्यांना नगरी हिंडवून दाखवणे हा तिचा व्यवसाय.

गेल्या हिवाळ्यात देसांकाने तिला सांगितले, "या वर्षी सणाची मेणबत्ती वाइननं विझवली, की संपलं. पुन्हा लावायची नाही."

"मी लावीन की, आजी."

"तू? परवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवलीस, लोण्याशेजारी."

"किल्लीचं वेगळं आहे."

"हरवणाऱ्याला सगळं सारखंच असतं, पोरी."

मला धरायची मूठ ढिली झाली होती. स्लावाच्या आदल्या दिवशी, कॅथेड्रलपाशी बसणाऱ्या एका सुताराकडून ती पक्की करून आणण्यासाठी देसांकाने मला तेओदोराच्या स्वाधीन केले. "काम झालं की सरळ घरी ये," एवढेच बजावले. मला कळले होते, मित्रांनो, की ही माझ्या मुठीची दुरुस्ती नव्हे, तेओदोराची परीक्षा होती.

सुताराने काम चोख केले. परंतु तेओदोराला त्या दिवशी पाहुण्यांचा एक गट होता. तिच्या पिशवीत पडल्या पडल्या मी आयुष्यात प्रथमच आपली नगरी ऐकली. तेराझियेच्या कारंज्यापाशी ती थांबली. राजपुत्राच्या अश्वारूढ पुतळ्याखाली पाहुण्यांची वाट पाहत पाय आपटत राहिली. जळालेल्या ग्रंथालयाच्या मोकळ्या जागेपाशी तिचा आवाज खाली आला. शेवटी कालेमेग्दानच्या किल्ल्यावर, जिथे सावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे, तिने मला बाहेर काढले आणि तटाच्या दगडावर ठेवले. "या नगरीवर कितीतरी राजांनी राज्य केलं," ती पाहुण्यांना म्हणाली, "पण घरात राज्य याचं." पाहुणे हसले. कुणी छायाचित्र काढायला सांगितले, कुणाची टोपी कोशावा नावाच्या वाऱ्याने उडाली, सगळे त्या टोपीमागे धावले. मी दगडावरच राहिलो.

मित्रांनो, भट्टीत मला भय वाटले नव्हते. तिथे देसांका जवळ होती. त्या तटावर मात्र वाटले.

तटाजवळ राडोयका नावाची वृद्धा क्रोशाने विणलेले रुमाल विकत बसते. तिने मला उचलले, फुंकर मारली, उलटसुलट करून पाहिले आणि लोकरीच्या शालीत गुंडाळून पिशवीत ठेवले. वारा वाढला तसे बाकीचे विक्रेते आवरू लागले.

"राडोयका, घरी जा आता," मक्याच्या लाह्या विकणारा म्हणाला. "गोठलीस तर तुझे रुमाल कोण विकणार, मी?"

"ज्याचं हे हरवलंय त्याच्या घरी आज कणीक मळायचीय. तू जा, तुझ्या लाह्या गार होतायत."

ऊन उतरू लागले तेव्हा तेओदोरा धावत आली. घराच्या दारातून ती परत फिरली होती; पाहुण्यांना परत सोडलेल्या वाटेवर पडलो असेन असे वाटून कारंजे, पुतळा, ग्रंथालयाची जागा, सगळीकडे आधी धुंडाळून आली होती, हे मला नंतर घरी कळले.

"मावशी, या दगडावर लाकडाचं काही..."

"लाकडाचं काय? चमचे विकणारा तिकडं बसतो."

"ठसा. स्लावाचा."

"संत कोण?"

"निकोला."

"उद्या अर्ध्या बेलग्रादचा निकोला आहे. खूण सांग."

"उजव्या कडेला जळका खळगा आहे. पावावर त्याचं टेंगूळ येतं. आम्ही निकोलाचं नाक म्हणतो. लहानपणी तो तुकडा मलाच..." बोलता बोलता तिचे डोळे आणि नाक वाहू लागले.

राडोयकाने शाल उलगडली आणि मला तिच्या ओंजळीत ठेवले. "घे. आणि आधी तुझं नाक पूस."

घरी कणीक केव्हाच फुगून तयार होती. देसांकाने मला हातात घेतले, मूठ हलवून पाहिली, मग नाकाशी धरले. "याला लोकरीचा वास कसा?"

तेओदोराने काही लपवले नाही. तट, टोपी, राडोयका, सगळे सांगितले. "सरळ घरी आले नाही, आजी. त्या लोकांना दाखवायचा होता."

"काय दाखवायचं होतं त्यात?"

"आपलं घर."

देसांकाने मला उलटे केले. माझ्या जळक्या कडेवरून तिचा अंगठा फिरत होता. मग ती म्हणाली, "अख्खं गाव पालथं घातलंस?"

"हो."

"किल्लीसाठी घातलं असतंस?"

"नवी करून घेतली असती."

"हात धू. मी बाजूला उभी राहते, तू दाब. अर्धवट दाबू नकोस, नाक उठायला हवं."

आणि मित्रांनो, तेओदोराने मला दाबले. कित्येक वर्षांनी मला एक नवा हात लाभला; नवशिका होता, पण घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आले. पाव फिरवून कापताना त्यांच्यासमोर यजमानाच्या जागी तेओदोरा उभी होती. स्लावाला कुणाला आमंत्रण देत नाहीत. ज्याला यायचे तो येतो. माशाचे कालवण सर्वांना पुरले. राडोयका आली, तिने टेबलावर एक रुमाल पसरला आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाली, "विकायला नाही आणलेला." संध्याकाळी तेओदोराने वाइनच्या थेंबांनी मेणबत्ती विझवली. धूर वर गेला. देसांका त्याच्याकडे पाहत राहिली, आणि खुर्चीवरून उठता उठता म्हणाली, "पुढच्या वर्षी जाड मेणबत्ती आण. ही फार लवकर सरली."

मित्रांनो, मी पुन्हा फडताळात आहे आणि निश्चिंत आहे. तुमच्याही घरी एखादा ठसा, एखादे भांडे, एखादे हत्यार असेल. त्याला अधूनमधून तेलाचे बोट लावा, ओल लागू देऊ नका. परंतु कुलूप लावून त्याला एकटे पाडू नका. धाकट्यांच्या हाती द्या. त्यांच्या हातून ते पडेल, कधी हरवेलही. शोधायला धावतात की नाही, तेवढे मात्र पाहा. आणि धावले, तर मग तुम्ही बाजूला उभे राहा.