नाजूक ओठाचा मासा

घरजावई या शब्दाला जेवढे टोमणे चिकटलेत तेवढे चोर या शब्दालाही चिकटले नसतील. चोर निदान आपल्या मर्जीनं घरात शिरतो आणि काम झालं की निघून जातो. आपला पेंटर लग्नानंतर फक्त चार महिन्यांसाठी सासऱ्यांच्या घरी राहायला आला, त्याला आता तीन वर्षं झाली होती.

छळ म्हणाल तर काडीचा नाही, आणि दुखणं तिथंच होतं. सासरा खाष्ट असता तर भांडून बाहेर पडता आलं असतं. पण हे सासरे म्हणजे हाडाचे शिंपी, बायको गेल्यापासून आणखीच मऊ झालेले. आवाज कधी चढला नाही. जावयाचे सदरे तेच शिवायचे, पंखा कधी बंद करायचा ते तेच ठरवायचे, आणि पेंटरनं "मी काय म्हणतो, बाबा" असं म्हटलं की "आधी चहा घ्या, जावईबापू" म्हणून कप पुढं करायचे. चहा संपेपर्यंत पेंटरचं म्हणणंही संपलेलं असायचं. गावभर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाचं नाव स्वतः राहतो त्या दारावर नव्हतं.

शेवटी त्यानं बाजारामागं एक खोली शोधली. खोली कसली, खुराडं. पण खिडकी होती आणि दार स्वतःचं होतं. मालक एकवचनी आणि तिरसट. "रविवारी अकरा वाजता नवराबायको दोघं या आणि किल्ली न्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी दुसऱ्याला देणार." बायको हो म्हणाली होती. बाबांना किल्ली हातात आल्यावरच सांगायचं, असं दोघांचं ठरलं.

आणि नेमकं शनिवारी जेवताना सासरे म्हणाले, "उद्या पहाटे खडकावर येता का? बोय लागलीय. तीन दिवस पाव टाकून ठेवलाय."

बोय मासा भरतीच्या पाण्याबरोबर काठाशी येतो. रोज एकाच जागी भिजवलेला पाव टाकत राहिलं की तो त्या जागेला सरावतो, मग एक दिवस त्या पावात गळ असतो. सासऱ्यांची जागा म्हणजे किनाऱ्यापासून शंभर पावलांवरचा एक सपाट खडक. ओहोटीला दगडगोट्यांवरून चालत जायचं, आणि आठच्या आत परतायचं. आठनंतर वाट पाण्याखाली जाते ती दुपारी तीनला वर येते. पेंटरला पोहता येत नव्हतं.

तो नाही म्हणणार होता. पण रात्री बायकोच कुजबुजली, "जाऊन या. नाहीतर बाबांना संशय येईल. आठपर्यंत येताच की." पहाटे तिनं पावाची बादली भरून दिली, पिशवी दिली, आणि त्याचा फोन मात्र चार्जिंगला लावून ठेवला. "पाण्यात पडेल उगाच. आल्यावर घ्या." पेंटरनं स्वतःच्या झोळीत एक छोटी फळी तेवढी घेतली, जुन्या सदऱ्यात गुंडाळून. ती काय आहे ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. अकराच्या आधी घरी सापडायला नको, म्हणून ती जवळच ठेवायची होती.

साडेसहाला दोघं खडकावर होते. सासऱ्यांनी मूठभर पाव पाण्यात सोडला, काठी जुळवली, सुईत दोरा ओवावा तशा सफाईनं दोऱ्याला बारीक गळ बांधला आणि पावाचा मऊ कपटा त्यावर अलगद दाबला. बुचाचा तरंगा पाण्यावर डुलत राहिला. सात वाजले. साडेसात वाजले. पेंटर दर दोन मिनिटांनी मागं वळून वाटेकडं बघत होता.

"पाणी चढतंय, बाबा."

"घोट्याएवढं आहे अजून."

पावणेआठला तरंगा तिरका झाला आणि हळूच खाली गेला. सासऱ्यांनी मनगट नुसतं उचललं आणि काठी वाकली. दुसऱ्याच क्षणी त्यांनी ती पेंटरच्या हातात दिली. "धरा, जावईबापू. माझा खांदा धरलाय. आणि एक लक्षात ठेवा, या माशाचा ओठ फार नाजूक. झटका दिलात की फाटला. ओढायचं नाही. तो जाईल तिकडं दोरा सोडायचा, थांबला की थोडा घ्यायचा. त्याला वाटलं पाहिजे आपणच येतोय."

पेंटरला चांगलं कळत होतं. एक झटका दिला असता तर मासा गेला असता, काठी टाकून तो गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याला लागला असता. पण सासऱ्यांची तीन दिवसांची मेहनत त्याच्या हातात होती, आणि ते शेजारी उभे राहून लहान पोरासारखे खूष होऊन सांगत होते, "शाब्बास, असंच, असंच." त्याला झटका देववेना. भिडेपोटी माणूस काय काय करतो! त्यानं दोरा सोडला, घेतला, पुन्हा सोडला. मासा जाळीत आला तेव्हा पेंटरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते आणि वाट कुठंच नव्हती.

"अरेरे," सासरे म्हणाले. "आता तीनपर्यंत बसावं लागणार."

पेंटर खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. सोळा पावलं. उलट फिरला, तरी सोळाच. त्यानं किनाऱ्यावरच्या एकदोन माणसांना हात केले, त्यांनीही हसून हात केले. सासरे फोन वापरतच नसत. नऊ वाजले, दहा वाजले. बायको एकटीच निघाली असेल, मालकाच्या पायरीवर उभी असेल, रस्त्याकडं डोळे लावून त्याची वाट बघत असेल, या विचारानं त्याचा जीव तुटत होता. अकराला त्यानं घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. मग पाहणं सोडून दिलं.

बाराच्या सुमाराला सासरे म्हणाले, "जेवून घ्या. पिशवीत बघा."

पिशवीत, दोऱ्याच्या रिळांखाली, तीन पुडांचा डबा होता. त्यानं उघडला. दोघांचं जेवण. पुरेसं, नीट बांधलेलं, त्याला आवडतं तसं कमी तिखट, आणि दोन चमचे. शेजारी पाण्याच्या दोन बाटल्या. आठ वाजता घरी येणाऱ्या माणसांना दुपारचा डबा कशाला लागतो? त्याचं बादलीकडं लक्ष गेलं. एरवी अर्धी असायची ती आज काठोकाठ भरलेली होती, इतका पाव टाकूनही निम्मी शिल्लक होती.

"हा डबा कुणी दिला?" त्यानं विचारलं. विचारायचं काय होतं त्यात!

सासऱ्यांनी गळ पाण्याबाहेर काढून दोरा गुंडाळला. "तिच्यावर रागावू नका. परवा रात्री माझ्यापाशी येऊन रडली. तुम्हाला नाही म्हणवत नव्हतं तिला, आणि मला सोडून जाववतही नव्हतं." चमचा त्याच्या हातात देत ते म्हणाले, "आधी जेवा, जावईबापू."

पेंटर जेवला. भूक लागली होती म्हणून जेवला, आणि त्याची त्याला फार लाज वाटली. रडावंसं वाटत होतं, पण खडकावर दोघंच असताना रडायला आडोसा कुठून आणायचा?

चारला दोघं घरी पोचले. बायको दारातच होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, माशाकडं पाहिलं. "केवढा मोठा!" ती म्हणाली. किल्लीचं काय झालं, तिनं विचारलं नाही. त्यानंही तो विषय काढला नाही.

मासा घेऊन ती मोरीत गेली. "विळीची फळी तडकलीय," ती आतून म्हणाली. "कापायला काही सपाट आहे का?"

पेंटरनं खांद्यावरची झोळी खाली घेतली. मग त्यानं झोळीतून फळी काढली, सदरा सोडवला आणि कोरी बाजू वर करून ती तिच्यापुढं ठेवली. "ही घे."

तिनं खवले काढले, पोट साफ केलं, तुकडे केले. मग फळी नळाखाली धरली आणि घासायला उलटी केली. खाली निळा ऑइलपेंट होता, अक्षरांना पांढरी किनार. दोघांची नावं होती. तिचं आधी होतं.

पाणी तसंच वाहत राहिलं.

"झाले का गं तुकडे?" बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली.

"झाले, बाबा," ती म्हणाली, आणि तरी नळ बंद करेना.