दोरा बांधलेला नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटते. तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मन हलकं व्हायचं नाही.

एका कारखान्यात पोलादाचा दांडा तापवून मला वाकवलं. दोन भुजा वर, खाली धरायला एक दांडी. मग सूर अचूक लागेपर्यंत कारागिरानं माझी टोकं कानशीनं घासली आणि अंगावर ५१२ हा आकडा कोरला. म्हणजे मला रबरावर आपटलं, की माझ्या भुजा एका सेकंदात पाचशे बारा वेळा थरथरतात. मखमलीच्या डबीत बसून मी छावणीजवळच्या एका शाळेत आलो, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली.

तेव्हा श्रीनिवास सर नवे होते, केसही काळे होते. ध्वनीचा धडा आला, की ते मला रबरी ठोकळ्यावर आपटत आणि माझी दांडी टेबलाला टेकवत. टेबलसुद्धा गुणगुणायला लागायचं! मग भुजेचं टोक वाटीतल्या पाण्याला हळूच लावत. फुर्रकन तुषार उडायचे आणि पहिल्या बाकावरची पोरं तोंड पुसत खिदळायची. सर म्हणत, "काटा थरथरतो, तो हवेला हलवतो, हवा तुमच्या कानाचा पडदा हलवते. थरथर थांबली, की आवाज संपला." मला वाटायचं, या अख्ख्या प्रयोगशाळेत आपल्यासारखे आपणच.

पुढे वर्गात मोठा पडदा आला. त्यावर माझंच चित्र हलायला लागलं आणि मी कपाटात गेलो. आठ वर्षं माझ्या सोबतीला एक फुटकी काचनळी आणि झुरळं होती. अंगावर गंज चढला. कोणी विचारलं नाही.

यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ध्वनीचा प्रयोग मांडायचं ठरलं आणि माझं नशीब उघडलं. सरांनी मला काढून सातवीच्या वर्गात फिरवलं. हर्सूलकडून येणारी अंबिका नावाची मुलगी होती. तिचे वडील मुंजाबा मेंढरं राखतात. तिनं माझ्या भुजेला बोट लावलं आणि ओरडलीच, "सर, मुंग्या येतात हो बोटाला! ह्यो आतून नाचतोय!"

"शाबास!" सर म्हणाले. "यालाच कंपन म्हणतात. प्रदर्शनात तूच बोलायचंस."

त्या पोरीनं पंधरा दिवस मला घासून-पुसून लख्ख केलं. घरी कोंबड्यांपुढे उभी राहून भाषण पाठ करते, असं मैत्रिणींना सांगायची. तिच्या घरातून अशा ठिकाणी बोलायला उभं राहणारी ती पहिलीच. पण दसऱ्याआधी साफसफाईच्या दिवशी मी तिच्या हातून निसटलो आणि शहाबादी फरशीवर पडलो. टणणण! दणदणीत वाजलो मी. मला काही झालं नव्हतं, मित्रांनो, एक ओरखडासुद्धा नाही. पण माझा अहंकार दुखावला. मला पाडते म्हणजे काय!

आमच्याकडे खंडेनवमीला आपापल्या कामाच्या हत्यारांची पूजा करतात. प्रयोगशाळेचे शिपाई रामकिसनमामा दरवर्षी सगळी उपकरणं पाटावर मांडतात. यंदा त्यांनी मला मधोमध ठेवलं. "ह्यो प्रदर्शनाला चाललाय, त्याचा मान पहिला," म्हणाले. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि माझ्या दोन्ही भुजा एकत्र धरून लाल दोऱ्याचे सात वेढे आवळले. तो दोरा मला रुतत होता. तरी मला तो आवडला! सूक्ष्मदर्शकाला नुसतं कुंकवाचं बोट लावलं आणि मला सात वेढे. मी फुगून बसलो.

दिवाळीची सुट्टी संपली. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'कंपनाशिवाय ध्वनी नाही.' मला हातात घेतलं, दोरा पाहिला आणि सोडायला बोट घातलं. तेवढ्यात रामकिसनमामा म्हणाले, "राहू द्या सर. पूजेचा हाय. आपोआप गळू द्यावा." सर भाविक माणूस. त्यांनी बोट काढलं आणि मला आपटलं.

थप्प.

पुन्हा आपटलं. थप्प. फळ्यावरचं अक्षर ताजं होतं हो अजून! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागच्या बाकावरचा प्रणय म्हणाला, "सर, अंबिकानं पाडला होता."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. सरांनी दोऱ्याकडे पुन्हा पाहिलंच नाही, पोरीकडे पाहिलं. ती उभी राहिली. "व्हय सर, पडला होता माझ्या हातून. पण तवा वाजला होता. मला एकदा बघू द्या ना."

"अजून बघायचंय? आणखी तोडायचाय?" सर कडाडले. "वीस वर्षं सांभाळली वस्तू, आणि तू! उद्या वडलांना घेऊन ये. प्रदर्शनात आता स्वराली बोलेल."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. आणि मित्रांनो, आता जे सांगतो त्यासाठीच हा सगळा खटाटोप. मला माहीत होतं, की मी धडधाकट आहे. आणि ती खाली मान घालून बसली, तेव्हा मला बरं वाटलं. पाडलं होतं ना मला? भोग म्हणावं! असं वाटलं मला. एवढीशी पोर ती, आणि मी एवढा नीच.

दुसऱ्या दिवशी मुंजाबा आले. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून, उन्हातून चालत. वहाणा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्या. अंबिका त्यांच्या मागं उभी होती. सरांनी बोलायच्या आतच त्यांनी हात जोडले. "लई चुकलं सर लेकराचं. पदरात घ्या. पर तिचं नाव काढू नका. रातंदिस त्याच नादात हाय ती."

त्या जोडलेल्या हातांवर गवतानं कापल्याच्या रेघा होत्या. माझ्यापायी जोडले होते ते हात! फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"हे बघा काय करून ठेवलंय," असं म्हणत सरांनी मला त्यांच्या हातात दिलं. मुंजाबांनी मला उलटंपालटं केलं, नखानं टिचकी मारली. थप्प. मग भीतभीतच म्हणाले, "सर, मी अडाणी मानूस. पर ह्याला तर बांधून ठिवलंय. मुक्काम पडला, लेकरं झोपली, का आमी मेंढीच्या घंटीची जीभ चिंधीनं बांधतो. मग ती वाजत नाय. ह्ये बी तसंच हाय का?"

 सरांनी कात्री घेतली आणि दोरा कापला. बाजूला उभ्या रामकिसनमामांनी कपाळाला हात लावला. सरांनी मला ठोकळ्यावर आपटलं आणि मी वाजलो, इतका स्वच्छ, की माझीच मला शिसारी आली.

"माझं चुकलं, मुंजाबा," सर हळू आवाजात म्हणाले. तेव्हा खोलीत आम्ही पाचच जण होतो, मला धरून. सरांनी मला अंबिकापुढे धरलं. "घे. तूच बोल प्रदर्शनात."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको सर. स्वरालीच करंल. माझ्या हातून पडंल."

"अगं, घे की," मुंजाबा म्हणाले. तिनं मान हलवली. हात काही पुढे आले नाहीत.

प्रदर्शनात स्वराली छान बोलली. तुषार उडाले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. मी प्रत्येक वेळी वाजलो आणि प्रत्येक वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सातवीतली सगळी पोरं मला हाताळतात. अंबिकाची पाळी आली, की ती पुढच्याला वाट करून देते. वर्गात बहुतेकांना अजून वाटतं, की काटा तिनंच बिघडवला होता आणि सरांनी तो दुरुस्त केला.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. एखादी वस्तू मुकी झाली, तर आधी ती वस्तू नीट बघा, मगच माणसाकडे बोट दाखवा. आणि तरीही चूक झालीच, दोष भरवर्गात दिलात, तर माफीही भरवर्गातच मागा. दार लावून मागितलेली माफी त्या पोरीच्या हातांपर्यंत पोचत नाही.

आमच्या वर्गात ती माफी अजून कोणी मागितलेली नाही.